पुरस्कार नाही, मग ‘असाधारण’ कसे ठरायचे?

“सर, माझ्या नावावर एकही मोठा पुरस्कार नाही. पगार पोस्टडॉकचा. मला असाधारण कोण म्हणणार?”

हा प्रश्न अमेरिकेत क्षयरोगाच्या औषधरोधावर काम करणाऱ्या एका डॉक्टरांचा. महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस, नंतर अमेरिकेत पीएचडी आणि आता पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे संशोधन. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, पण ही शंका ग्रीन कार्डच्या अर्जासाठी आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक वैद्यकीय संशोधकांच्या मनात असते. राष्ट्रीय हिताच्या सवलतीखाली त्यांचा ईबी-२ या ग्रीन कार्डच्या वर्गातला आय-१४० (ग्रीन कार्डसाठीचा मूळ अर्ज) आधीच मंजूर होता. मात्र भारतात जन्मलेल्यांसाठी ती रांग दहा वर्षांहून जुनी आहे. म्हणून ईबी-१एचा विचार.

ईबी-१ए हा ‘असाधारण क्षमते’च्या लोकांसाठीचा ग्रीन कार्डचा वर्ग, १९९०च्या अमेरिकी कायद्यातला. नोबेलच्या तोडीचा पुरस्कार असेल तर तो एकटा पुरतो. नसेल तर दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात. अर्ज स्वतःच करता येतो. नोकरी देणारी संस्था किंवा लेबर सर्टिफिकेट (त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) लागत नाही.

त्यांची फाइल जाडजूड होती, पण पहिल्या चाळणीतच निम्मी गळाली. परिषदेला जाण्यासाठी मिळालेले प्रवास अनुदान म्हणजे पुरस्कार नव्हे. वर्गणी भरली की मिळते ते सभासदत्व चालत नाही. उल्लेखनीय कामगिरी तज्ज्ञांनी पारखून दिलेले सभासदत्व लागते. प्रसिद्धीच्या निकषासाठी विद्यापीठाच्या वार्तापत्रातली बातमी आणि मोठ्या पगाराच्या निकषासाठी पोस्टडॉकचा पगार, दोन्ही बाजूला ठेवले. ओढूनताणून सहा निकष दाखवण्यापेक्षा तीन भक्कम दाखवणे केव्हाही चांगले. कमकुवत पुराव्याने बाकीच्यांवरचा विश्वासही उडतो.

दोन निकष सोपे होते. शोधनिबंध होतेच. इतरांच्या कामाचे परीक्षण केल्याचा पुरावा म्हणून त्यांनी नियतकालिकांची निमंत्रणे जोडली होती, पण निमंत्रण पुरत नाही. अहवाल दिल्यानंतर संपादकांकडून आलेली पोचही लागते. ते जुने ईमेल शोधून काढले.

खरी लढाई तिसऱ्या निकषाची होती: क्षेत्राच्या दृष्टीने मोठ्या महत्त्वाचे मौलिक योगदान. त्यांच्याकडे सहा शिफारसपत्रे होती. सगळी गाइडची आणि सहलेखकांची, सगळ्यांत तीच विशेषणे. अशी पत्रे वाचून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. आम्ही त्यांना उद्धरणांची, म्हणजे इतर निबंधांत त्यांच्या कामाचा संदर्भ कुठे दिला आहे त्याची, यादी उघडायला लावली. स्वतःची आणि सहलेखकांची उद्धरणे वगळायची, प्रस्तावनेत ओझरता उल्लेख असलेली वेगळी काढायची, आणि कोणी त्यांचे काम प्रत्यक्ष वापरले ते शोधायचे. त्यातून दोन रुग्णालयांच्या प्रयोगशाळा सापडल्या, ज्यांनी त्यांची जनुकीय खुणांची यादी आपल्या तपासणीत घेतली होती. तिथल्या प्रमुखांशी त्यांची ओळखही नव्हती. अशाच माणसाचे पत्र सोन्यासारखे! त्याने तीन गोष्टी लिहाव्यात: हे काम कसे कळले, त्याचे काय केले, आणि त्यामुळे स्वतःच्या कामात काय बदलले. उद्धरणांचा नुसता आकडाही देऊ नये. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या निबंधांत आपला निबंध वरच्या किती टक्क्यांत बसतो ते दाखवावे, कारण कर्करोगातली दोनशे उद्धरणे आणि बुरशीजन्य आजारांतली दोनशे सारखी नसतात.

तीन निकष पूर्ण झाले म्हणजे काम झाले, असे समजून बरेच जण फसतात. ईबी-१ए अर्जावरून झालेल्या काझारियन खटल्याच्या २०१०च्या निकालानंतर पडताळणी दोन टप्प्यांत होते. दुसऱ्या टप्प्यात सगळे पुरावे एकत्र तोलले जातात: कीर्ती टिकून आहे का, आणि ही व्यक्ती क्षेत्राच्या अगदी वरच्या मोजक्या लोकांत आहे का. इथे चार नियतकालिकांसाठी केलेले परीक्षण फारसे उठून दिसत नाही, कारण ते पुष्कळ संशोधक करतात. संपादक मंडळ किंवा एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अनुदान-परीक्षण समितीवरचे काम अधिक वजनदार. यांच्याकडे ते नव्हते. त्याऐवजी पीएचडीनंतरही दरवर्षी वाढत गेलेली उद्धरणे आणि निमंत्रित व्याख्याने मांडली. पुढे याच क्षेत्रात काय करणार, याचे निवेदनही जोडले. अनेक अर्जांत नेमके तेच राहून जाते.

घाई नको, हेही सांगावे लागले. अर्ज भरल्याच्या दिवशी पात्रता असावी लागते; नंतर छापून आलेला निबंध धरत नाहीत. म्हणून महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध होईपर्यंत थांबलो, मग लवकर तपासणीसाठीचे प्रीमियम शुल्क भरून अर्ज केला. त्याने १५ कामकाजाच्या दिवसांत यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून हालचाल होते, पण ती निकालाचीच असेल असे नाही. यांना जास्त पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई आली, तीही तिसऱ्या निकषावरच. उत्तराला जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात, आणि उत्तर एकदाच देता येते. त्या दोन प्रयोगशाळांच्या कार्यपद्धतीची पाने, संबंधित ओळींवर खुणा करून, पाठवली. अर्ज मंजूर झाला.

भारतीयांसाठी ईबी-१लाही रांग आहे, पण ईबी-२पेक्षा बरीच छोटी. शिवाय आधीच्या मंजूर आय-१४०ची रांगेतली तारीख नव्या अर्जाला लागू करता येते. यांनाही ती मिळाली.

जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर क्लिनिकल प्रशिक्षणासाठी आलेल्या डॉक्टरांनी मात्र एक गोष्ट आधी पाहावी. दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट त्यांना लागू असते. आय-१४० मंजूर होतो, पण ती अट पाळल्याशिवाय किंवा तिच्यातून सूट मिळाल्याशिवाय ग्रीन कार्ड मिळत नाही. हीच अट कौशल्य-यादीतल्या देशांच्या काही जे-१धारकांनाही लागते; डिसेंबर २०२४मध्ये त्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले, तरी क्लिनिकल प्रशिक्षणाच्या अटीला त्याने धक्का लागलेला नाही.