गॉब्लिन, उतारा दाखव!

प्रश्न : काका, नमस्कार. मी उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टला आहे, राहायला खानापूर तालुक्यात. आम्ही सहा जण दर रविवारी टिळकवाडीत मित्राच्या माडीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. गोष्ट चालवायचं काम, म्हणजे गेम मास्टर, मी. शिफ्टमुळं तयारीला वेळच मिळत नाही. म्हणून गेले चार महिने गावं, पात्रं, त्यांचे संवाद, चित्रं, सगळं एआयकडून करून घेत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या रविवारी, पहिल्याच सेशनमध्ये मेलेला खानावळवाला परत चहा देताना निघाला आणि बिंग फुटलं. आमच्यातली एक मैत्रीण चित्रं काढून पोट भरते, ती उठून गेली. बाकीचे म्हणाले, 'जाऊ दे की, मजा तर आली की.' मी फसवलं का? एआय वापरूच नये का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मेलेला खानावळवाला परत चुलीपाशी बसला हे वाचून मी एकटाच हसत सुटलो. बायकोनं आतून विचारलं, 'काय झालं ओ?' तिला काही समजावून सांगता येईना. इतर वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. या खेळात एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातलं एकेक पात्र होतात. कुणी म्हणतो 'मी दार फोडतो', आणि दार फुटतं की खांदा निखळतो हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ अमेरिकेत 1974 साली बाजारात आला. मी तो 1996 मध्ये हुबळीच्या हॉस्टेलवर झेरॉक्स केलेल्या पुस्तकावरून शिकलो. पुढं हक्कांबद्दल चार शब्द बोलणार आहे, तेव्हा ही झेरॉक्स आधीच कबूल केलेली बरी.

आता तुझा खानावळवाला. आपल्याला असते तशी आठवण एआयला नसते. समोर जेवढा मजकूर आहे त्यावरून पुढं काय शोभेल ते शब्द ते काढत जातं, आणि समोर किती मजकूर मावतो यालाही हद्द असते. चार महिन्यांची बडबड झाली की पहिल्या रविवारचं मरण मागं पडतं. नवीन चॅट उघडलास तर ते तिथं बऱ्याचदा मुळात गेलेलंच नसतं. खानावळ म्हटली की खानावळवाला शोभतो, म्हणून त्यानं बसवला. याला इलाज एक वही. कोण मेलं, कुणाचं कुणाला किती देणं, कुणी काय वचन दिलं, एवढं एका पानावर लिहायचं आणि दर वेळी आधी ते पान त्याच्यापुढं टाकायचं. हे काम कंटाळवाणं आहे, मी पण टाळतो.

फसवलंस का? एआय वापरलंस एवढ्यानं नाही. विकतच्या पुस्तकातलं आयतं साहस, म्हणजे तयार गोष्ट, आपण सगळेच चालवतो. पण चार महिने लपवलंस म्हणजे तुलाच कुठंतरी खुपत होतं, आणि ते मान्य करून टाक. मला स्वतःला मात्र तुझ्या पत्रातला 'त्यांचे संवाद' हा शब्द जास्त लागला. गावाची नावं घे, अफवा घे, पण पात्राचं बोलणं उसनं आणू नको. का, ते आमच्या टेबलावरचंच सांगतो.

आमच्यात एक यल्लूरकडचा गडी आहे, शेती आणि नोकरी दोन्ही करणारा. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो आला तोच तापलेला. शेताच्या उताऱ्यासाठी तिसरी खेप झाली होती, आणि हातात पडला तो कागद सगळा कन्नडमध्ये. खेळात हा बुटका, कुऱ्हाडवाला. घाटातल्या पुलावर गॉब्लिनांची, म्हणजे खुज्या लुटारू भुतावळीची, टोळी आडवी आली, 'पूल आमचा, पैसे काढा.' मी लढाईची तयारी करून बसलेला, नकाशा आखलेला, सोंगट्या मांडलेल्या. यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाला, 'पूल तुझा? उतारा दाखव. आणि दोन्ही भाषेत पाहिजे.'

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मलाही ठाऊक नव्हतं मी काय म्हणणार. गॉब्लिनच्या तोंडून निघालं, 'साहेब्रु ऊटक्क होग्यार्री, नाळे बर्री.' साहेब जेवायला गेलेत, उद्या या.

पुढं दोन तास लढाई झालीच नाही. पुलाखाली गॉब्लिनांचं कार्यालय उभं राहिलं. शिक्का आला, शिक्का हरवला, अर्ज चुकीच्या खिडकीवर गेला, चहापाण्याच्या नावाखाली दोन सोन्याची नाणी गेली. आखलेला नकाशा कुणी उघडलाही नाही. तो गॉब्लिन कारकून आज आमच्या टेबलाचा सगळ्यात लाडका माणूस आहे. माणूस म्हणतोय मी त्याला!

मशीनला मराठी येते, कन्नडही येतं. पण त्या गड्याच्या तीन खेपा त्याला कोण सांगणार? त्या मला दिसल्या, कारण तो छत्री झटकत माडी चढला तेव्हाच मी त्याचं तोंड बघितलं होतं. तू त्या वेळी मोबाईलमध्ये मान घालून तयार संवाद शोधत असतास तर पुलावर नुसती मारामारी झाली असती. बरी झाली असती, नाही असं नाही.

मी पण करून बघितलंय. कणकुंबीच्या म्हातारीचं बोलणं मागितलं, तर ती म्हणे, 'प्रवाशांनो, आपण कोठून आलात?' कणकुंबीची म्हातारी असं बोलली तर मलप्रभा नदी तिथनं उगवायची थांबेल. ती म्हणणार, 'कुठनं आलासा रे पोरांनो? भिजलासा की. च्या घेतासा?' दुसऱ्या वेळी भीमगडावर साहस लिहायला सांगितलं तर बुरुजाखाली समुद्राच्या लाटा आपटायला लागल्या. खानापूरच्या जंगलात! किल्ला म्हटला की समुद्र शोभतो, एवढंच त्याचं गणित.

म्हणून मी त्याला आता हमालीची कामं देतो, शनिवारी रात्री, घरी. हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाची माहिती आधी मी घालतो, 'याबाहेरचा इतिहास घुसडू नको' असं बजावतो, आणि गावात पसरलेल्या वीस अफवा मागतो. चार कामाच्या निघतात. सोळा फेकताना पाचवी मला सुचते, आणि बहुतेक तीच टेबलावर चालते. नियमांचा किचकट भाग सोपा करून घ्यायला ते बरं पडतं, पण आकडा मूळ पुस्तकात पडताळायचाच. विकत घेतलेल्या साहसाचं अख्खं पीडीएफ त्याच्या घशात ओतू नको. हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं जानेवारी 2023 मध्ये मूळ नियमांचा मोठा भाग, एसआरडी 5.1, क्रिएटिव्ह कॉमन्स या सगळ्यांना वापरू देणाऱ्या परवान्याखाली मोकळा केला आहे, तो खुशाल घाल.

फासा मात्र त्याच्या हातात कधीच देऊ नको. 'वीसचा फासा टाक' म्हटलं की ते बऱ्याचदा गोष्टीत शोभेल असा आकडा बोलून दाखवतं. मी एकदा संध्याकाळभर टाकायला लावला तर 1 एकदाही पडला नाही, आणि ऐन मोक्याला 17 नाहीतर 18. त्यात हे जात्याच होयबा. खेळाडू म्हणाला 'मी राजाला गप्पांत गुंडाळतो', की राजा गुंडाळला गेलाच समज.

राहिली तुझी मैत्रीण. बाकीचे 'जाऊ दे की' म्हणाले, कारण त्यांचं काही गेलं नाही. तिचा धंदा आहे. ही कुरबूर टिळकवाडीच्या माडीवरचीच आहे असं समजू नको. पाथफाइंडर हा असलाच दुसरा खेळ काढणाऱ्या पायझो कंपनीनं मार्च 2023 मध्येच एआयचं लेखन आणि चित्रं नकोत असं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या महाकाय राक्षसांवरच्या पुस्तकात एका चित्रकारानं एआयची मदत घेतल्याचं बाहेर आलं, आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टला आपल्या चित्रकारांसाठी तसा नियम करावा लागला. जगभरच्या चित्रकारांची चित्रं न विचारता ओतून ही मशिनं शिकली, हा तिच्यासारख्यांचा राग आहे, आणि मला तो पटतो. घरगुती टेबलावर कायद्यानं तुला कुणी पकडायला येणार नाही. पण ती त्याच टेबलावर बसते, तुझ्या उजव्या की डाव्या हाताला ते तुला ठाऊक.

तेव्हा या रविवारची वाट न बघता तिच्या घरी जा. कुंदा घेऊन जा, पावकिलोवर भागवू नको. मोबाईलवर माफी मागू नको, आणि मागितलीस तर ती तरी स्वतः लिही. तिला विचार, चित्रं अजिबात नकोत, की नकाशे चालतील? ती म्हणेल ते त्या टेबलापुरतं शेवटचं. मग सहा जणांनी वर्गणी काढून सगळ्या पात्रांचं एक चित्र तिच्याकडून रीतसर पैसे देऊन काढून घ्या. खानावळवाल्यालाही त्यात घ्या, भूत म्हणून.

प्रश्न : निपाणीत माझ्याबरोबर खेळायला कुणीच नाही. एआयलाच गेम मास्टर करून एकट्यानं खेळलं तर चालेल का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चालेल की. एआय डंजन नावाचा असला खेळ 2019 मध्येच आला होता. फक्त सुरुवातीलाच तीन अटी घाल : फासा मी टाकणार, आकडा मी सांगणार, आणि मी हरलो तर हरू दे. तरी ते मधूनच तुला वाचवायला धावेल, तेव्हा परत दटाव. आणि निपाणीहून बेळगावला येणं काही एवढं अवघड नाही. दुपारी दोनला आम्ही बसतो. गॉब्लिनच्या कार्यालयात शिपायाची जागा रिकामी आहे.