विज्ञानाचे तत्त्वज्ञ आणि पदवीधर यांचे म्हणणे आपण का मानावे?

ज्यांनी स्वतः एकही प्रयोग केलेला नाही अशा विज्ञानाच्या तत्त्वज्ञांना आणि केवळ पदवीच्या बळावर बोलणाऱ्यांना वैचारिक अधिकार का द्यावा, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए. केले असून विज्ञानाचे तत्त्वज्ञान हाच माझा विशेष विषय होता. त्यामुळे हा प्रश्न मला घरातच, सख्ख्या मोठ्या भावाकडून, फार कठोर शब्दांत ऐकावा लागला आहे.

2012-13च्या दुष्काळात पारनेर तालुक्यातील आमच्या विहिरीने तळ गाठला, तेव्हा दादाने पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्याला, बोलावले. दादा सिव्हिल इंजिनिअर आहे. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फेऱ्या मारल्या, नारळ उभा राहिला तेथे दगड ठेवला आणि त्या जागी 280 फुटांवर दोन इंच पाणी लागले. त्यानेच दाखवलेल्या दुसऱ्या जागी मात्र 400 फुटांपर्यंत नुसता धुरळा उडाला. बोअर पाडणाऱ्या गाडीवाल्याने खुणेपासून हातभर बाजूला बोअर घेतले म्हणून पाणी हुकले, असे दादाचे म्हणणे पडले. मी विचारले की, पाणी लागले तर श्रेय पाणाड्याचे आणि नाही लागले तर चूक गाडीवाल्याची, मग पाणाड्या चुकला असे ठरायचे तरी कधी? त्यावर दादा चारचौघांत म्हणाला, “तू तत्त्वज्ञानाचा एम.ए., तुला खडकातले काय कळते?”

खडकातले मला त्या वेळी खरोखरच कळत नव्हते. पुरावा कशाला म्हणावे, हे मात्र मी शिकलो होतो. पुढचे दोन महिने सुट्टीच्या दिवशी मी वही घेऊन गावभर फिरलो. पाणाड्याने दाखवलेल्या 19 बोअरपैकी 12 बोअरना पाणी लागले होते, आणि विजेचा खांब जवळ पडतो एवढेच पाहून घेतलेल्या 14 बोअरपैकी 9 बोअरना. म्हणजे दोन्हीकडे प्रमाण जवळजवळ सारखेच. आमच्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून, कुजलेल्या मुरमातून आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यातून साठते, त्यामुळे नारळाशिवायही बऱ्याच ठिकाणी ते लागतेच. हे मी नंतर वाचले. न दाखवलेल्या जागाही मोजल्या पाहिजेत, हे मला आधीपासून माहीत होते आणि ते मला तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवले गेले होते.

दादाने मात्र थोडे वाचन करून मला पेचात पकडले. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता, तरी खगोलशास्त्रज्ञांनी न्यूटनला टाकून दिले नाही, त्यांनी एक न दिसलेला ग्रह कल्पिला. मग मी गाडीवाल्याला दोष दिला तर काय बिघडले, असा त्याचा सवाल होता. सवाल अस्सल होता. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा खंडनक्षमतेचा निकष, म्हणजे जो सिद्धान्त चुकीचा ठरू शकतो तोच वैज्ञानिक, हा वरवर वाचणारा येथे निरुत्तर होतो. दुसरे तत्त्वज्ञ इम्रे लाकाटोश यांचे लेखन वाचलेला होत नाही, कारण त्या कल्पित ग्रहाने नवी जोखीम पत्करली होती, म्हणजे चुकीचे ठरू शकेल असे नवे भाकीत केले होते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी त्या ग्रहाची आकाशातील जागा सांगितली आणि 1846 साली बर्लिनमध्ये खगोलशास्त्रज्ञ गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. बुधाच्या कक्षेतील फरकासाठी त्याच लव्हेरिए यांनी कल्पिलेला ग्रह कधीच सापडला नाही आणि त्या फरकाचा उलगडा 1915 साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धान्ताने झाला. गाडीवाल्याच्या हातभर चुकीतून पुढे तपासता येईल असे काहीही निघत नव्हते. तसे असते तर दादाने हातभर बाजूला पुन्हा बोअर घेऊन दाखवले असते.

पदवीविषयी माझे मत असे आहे की, एका ठरावीक विषयात कोणीतरी तुमची परीक्षा घेतली, एवढेच ती सांगते. घराच्या स्लॅबमध्ये किती सळई टाकावी हे दादा सांगतो आणि मी निमूटपणे मानतो. भूजलाबद्दल बोलताना ती पदवी त्याच्या कामाची नव्हती. माझीही नव्हती, पण माझी वही उघडून कोणालाही आकडे पडताळता आले असते. दादाने ती उघडली नाही, हे मला आजही लागते.

तत्त्वज्ञही आपली हद्द ओलांडतात, हे येथे सांगायला हवे. खुद्द पॉपर यांनी डार्विनचा सिद्धान्त कसोटीवर उतरवता येण्याजोगा वैज्ञानिक सिद्धान्त नाही असे लिहिले होते आणि 1977 साली केंब्रिजमधील व्याख्यानात त्यांना आपले मत बदलल्याचे सांगावे लागले. तसेच चौथी शिकलेला तो पाणाड्या नारळ बाजूला ठेवून उंबर, वारूळ आणि जमिनीचा उतार यांबद्दल बोलायचा, तेव्हा मी लक्षपूर्वक ऐकत असे. झाडे आणि वारुळे यांवरून पाणी ओळखण्याचा विचार वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही आहे. शिवाय 33 बोअर ही संख्या लहान आहे. कोणी तालुक्यातील दोन-तीनशे बोअरची अशीच यादी केली आणि पाणाड्याच्या बाजूने ठळक फरक दिसला, तर मी स्वतः दादाच्या घरी जाऊन तसे कबूल करीन.