आई सोलापुरात, मी पुण्यात. तिची शुगर इथून बघता येईल असा कोणता सेन्सर घेऊ?

तुम्ही लिहिलंय की आई ७१ वर्षांच्या आहेत, मिक्स इन्सुलिन दोन वेळा घेतात आणि घरात एकट्या असतात. दंडाला चिकटवून शुगर सतत मोजणारा हा सेन्सर कोणत्याही कंपनीचा घ्या, पण तो आपणहून फोनला आकडा पाठवणारा आणि अलार्म देणारा हवा. दंडाला फोन टेकवून स्कॅन केल्यावरच आकडा दाखवणारा घेऊ नका. त्यात शेवटच्या ८ तासांचीच नोंद राहते आणि झोपेत शुगर उतरली तर तो गप्प बसतो.

पण पुण्यात वाजलेला अलार्म सोलापुरात साखर भरवत नाही, आणि हे मुलांच्या गळी उतरत नाही. जुळे सोलापुरातल्या एका घरचं सांगतो. पहाटे ३ ला मुलाच्या फोनवर ५८ आला. आईचा फोन उशाशीच होता, पण सायलेंटवर. मुलानं शेजारच्या काकूंना उठवलं, त्या धावत आल्या, तर दाराला आतून कडी. पाच-सात मिनिटं खिडकीतून हाका मारल्यावर बाईंनी कसंबसं दार उघडलं, अंग घामानं भिजलेलं. काकूंनी घाईघाईनं डब्यातली शेंगापोळी दिली. वीस मिनिटांनी आकडा ५६. शेंगदाण्यातल्या तेलामुळे त्यातला गूळ रक्तात उशिरा उतरतो. मग साखरेचं पाणी दिलं, तेव्हा त्या सावरल्या. मूळ कारण साधं होतं: संध्याकाळचा डोस पूर्ण, जेवण मात्र अर्धी भाकरी.

म्हणून सेन्सरच्या आधी पाच मिनिटांत पोचणारं माणूस ठरवा आणि त्याच्याकडे किल्ली द्या. आतून कडी लावणं थांबवा, बाहेरून किल्लीनं उघडेल असं लॅच बसवा. उशाशी ग्लुकोज पावडर ठेवा. ७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम, म्हणजे ग्लुकोजचे किंवा साखरेचे चहाचे तीन चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी बोटातून तपासणी. तपासणी स्ट्रिपनंच करा, कारण सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि पाच-दहा मिनिटं मागे असतो. त्यावर विसंबून लोक भरवत राहतात आणि सकाळी ३०० दिसतं.

आईच्या फोनचं काम तुम्ही स्वतः सोलापूरला येऊन करा. ॲपची बॅटरी सेटिंग 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, नाहीतर फोन रात्री ॲप बंद पाडतो. सायलेंटमध्येही अलार्म वाजेल अशी परवानगी द्या. ब्लूटूथ कायम चालू. लाइट गेली की राउटर बंद पडतो, म्हणून मोबाइल डेटाही चालू ठेवा. लो अलार्म ८० वर लावा, हाय २५० वर. १८० वर लावलात तर तो दिवसभर वाजेल आणि आठवड्यात आई फोनच बंद करतील.

सेन्सर लावलेल्या दंडावर झोपलं की तिथला द्रव दाबला जातो आणि खोटा लो येतो. त्यांना कूस बदलायला सांगा, मग बघा. काही सेन्सरवर व्हिटॅमिन सी रोज ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की आकडा खोटा वाढतो. आणि एप्रिल-मे मधल्या इथल्या घामानं पट्टी सुटते. लावायच्या आधी दंड साबणानं धुवून, स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या, वरून जास्तीची चिकटपट्टी लावा.

मुलांचा दुसरा हट्ट, आकडा सतत १४० च्या आत हवा. एकट्या राहणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईसाठी हा हट्ट घातक आहे. वयस्कर माणसांसाठीचं मान्य लक्ष्य असं: निम्म्याहून जास्त वेळ ७० ते १८० मध्ये, आणि ७० च्या खाली दिवसाचा १ टक्क्याहून कमी वेळ, म्हणजे जेमतेम १५ मिनिटं. शुगर वर गेली म्हणून पुण्याहून फोन करून 'दोन युनिट जास्त घे' म्हणू नका. डोस डॉक्टरच बदलतील, त्यांना १४ दिवसांचा ग्राफ दाखवा.

एक राहिलंच. आई बेशुद्ध असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हे किल्लीवाल्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा.