विजय दिवसाच्या भाषणात कोणाबद्दल बोलावं? (सोलापूर, मुलगी सातवीत)

अरुण खेत्रपाल. सोलापुरात चार हुतात्म्यांवर १२ जानेवारीला भाषणं होतातच, १६ डिसेंबरला मात्र हा पुण्यात जन्मलेला, २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट हवा. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा. १९७१चं भारत-पाक युद्ध, बसंतरची लढाई. रणगाड्याला आग लागली, वायरलेसवर बाहेर पडायचा हुकूम आला. याचं उत्तर : तोफ अजून चालतेय, रणगाडा सोडणार नाही. तिथेच तो गेला. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. भाषणात हा वायरलेसचा प्रसंगच सावकाश सांगू द्या. 'भारतमातेचा थोर सुपुत्र' वगैरे सुरुवात गाळा, ती सगळेच करतात.

त्याचा 'फामागुस्ता' रणगाडा नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये (लष्कराच्या रणगाडा दलाचं केंद्र) जतन केलाय. टेंभुर्णी-करमाळ्यावरून जाता येतं. तिथलं रणगाडा संग्रहालयही मुलीला दाखवा.