वडिलांना अचानक अर्धांगवायू झाला आहे, घरात काय बदल करावेत?

वडील बासष्टचे, झटक्यात उजवी बाजू गेली, आठ-दहा दिवसांत डिस्चार्ज, घर जुनं, संडास भारतीय पद्धतीचा, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळं एकदमच फोडून नवं करू. तुमचं हे वाचलं आणि मला आमच्या घरातला २०१९चा जून आठवला. माझ्या सासूबाईंची (मी त्यांना आईच म्हणते) डावी बाजू अशीच एका सकाळी गेली. मिरजेतलं आमचं घर बैठं, जुनं, आत चार उंबरठे.

आधी हे सांगते की सगळं फोडायची घाई करू नका. पहिले तीन-चार महिने सुधारणा सगळ्यात वेगानं होते. आज लागतं ते दिवाळीला लागेलच असं नाही. हॉस्पिटल बेड आणि व्हीलचेअर भाड्यानं मिळतात, त्याच आणा. घरातला एकच रस्ता आधी हाती घ्या, खाटेपासून संडासापर्यंतचा. घरी आल्यावर पहिल्या तासाभरात तिथं जावंच लागतं, आणि तिथं नेताना चौघांनी उचललं की त्या माणसाच्या मनाला फार लागतं.

आजच टेप घेऊन मोजा. दारांची वाट, उंबरठ्यांची उंची, खाटेची उंची. आकडे आणि फोटो हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. आम्ही हे केलं नाही आणि पहिल्याच दिवशी खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली. चौकट २६ इंचांची, पण उघडलेल्या दाराची जाडी जाऊन वाट उरायची २४. खुर्ची २५. शेवटी दार बिजागऱ्यांसकट काढून पडदा लावला. तुम्ही नवं दार करणारच असाल तर ३२ इंच मोकळी वाट ठेवा आणि ते बाहेर उघडू द्या. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. आतली कडीही काढून टाका.

संडासाचं भांडं लगेच बदललं नाही तरी चालतं. त्यावर चार पायांची कमोड खुर्ची बसते, फक्त पायांना रबर हवं. बाथरूममध्ये प्लॅस्टिकची साधी खुर्ची अजिबात नको, ती ओल्या फरशीवर सरकते. धरायची दांडी मात्र नीट विचार करून लावा. आमच्या प्लंबरनं भिंत होती त्या बाजूला, म्हणजे डावीकडे लावली, आणि आईंचा डावाच हात गेलेला! उजवीकडे भिंत नव्हती, तिथं नंतर जमिनीत पाय रोवून स्टीलची दांडी उभी केली. तुमच्या वडिलांना बसल्यावर डाव्या हाताला दांडी हवी, पाण्याचा जेट आणि मगही डावीकडेच. स्वतःचं स्वतः धुता आलं की माणूस किती सावरतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. टॉवेल अडकवायची दांडी आधाराला धरू देऊ नका, अंगाचं वजन पडलं की ती उखडून हातात येते.

खाटेची गादीसकट उंची खुर्चीच्या बैठकीएवढी हवी, साधारण १९-२० इंच. खुर्ची चालत्या बाजूला लावा. उठवताना लुळा हात कुणालाही ओढू देऊ नका, खांदा निखळतो. भेटायला येणारे प्रेमानं नेमका तोच हात धरून उठवायला जातात, त्यांना आधीच सांगून ठेवा. कूस स्वतः बदलता येत नसेल तर दर दोन तासांनी तुम्ही बदला. पायपुसणी आणि सतरंज्या उचलून ठेवा, रात्रीचा एक बारीक दिवा लावा.

उंबरठ्यांवरून आमच्याकडे बोलणं झालं. मामंजींना ते काढणं पटेना. आईच म्हणाल्या, "काढा ते, मला पलीकडं जायचंय." आतले तीन काढले, पुढच्या दाराचा ठेवून त्याला दोन्हीकडून लाकडी उतार केला. उताराला इंचाला फूटभर लांबी धरा. सहा इंचांची पायरी असेल तर सहा फूट. त्याहून उभा केला तर ढकलणाऱ्याचा तोल जातो.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आई ताटातली भाजी, आमटी, भात संपवायच्या, चटणी-कोशिंबीर तशीच राहायची. आम्हाला वाटलं, चव गेली. फिजिओच्या मॅडमनी ताट गोल फिरवलं आणि आईंनी कोशिंबीर संपवली. डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नव्हतं! उजवी बाजू गेलेल्यांत असं कमी होतं, पण त्यांचं बोलणं अडखळायचा संभव जास्त. तुमच्या वडिलांना शब्द सुचत नसतील तर डाव्या हाताशी घंटा ठेवा.

आणि खाट मागच्या खोलीत टाकू नका. शांतता मिळावी म्हणून आम्ही टाकली, तर पंधरा दिवसांत आई बोलेनाशा झाल्या. मग माजघरात आणली, जिथून स्वयंपाकघर दिसतं. माझ्या नवऱ्यानं एका पाटाला खालून दोन स्टीलचे खिळे ठोकले, टोकं वर. त्यावर बटाटा रोवला की हलत नाही, एका हातानं कापता येतो. पहिल्या दिवशी आईंनी एक बटाटा कापायला वीस मिनिटं घेतली. फोडी लहान-मोठ्या झाल्या होत्या. मी त्याच भाजीत टाकल्या, आणि आईंनी मामंजींना विचारलं, "शिजलेत ना नीट?"