.२२ स्पोर्ट पिस्तूल फक्त रॅपिडमध्येच का अडकते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: २५ मीटरचा सराव करणाऱ्या एका मुलीचे .२२ चे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल प्रिसिजनमध्ये, म्हणजे सावकाश नेम धरायच्या पहिल्या टप्प्यात, सुरळीत चालते, पण त्यानंतरच्या रॅपिडमध्ये, जिथे प्रत्येक गोळीला तीनच सेकंद मिळतात, रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन अडकते. प्रशिक्षक तिच्या मनगटाला दोष देतात आणि क्लबमधला एक मित्र रिकोइल स्प्रिंगचे, म्हणजे मागे गेलेली स्लाइड (पिस्तुलाचा सरकता भाग) पुन्हा पुढे आणणाऱ्या स्प्रिंगचे, दोन वेढे कापायला सांगतो.

स्प्रिंग कापू नका. त्याने मूळ कारण जागेवरच राहते आणि स्लाइड फ्रेमवर अधिक जोराने आदळू लागते. शिवाय १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार शस्त्राच्या दुरुस्तीसाठीसुद्धा परवाना लागतो, त्यामुळे साफसफाईपलीकडचे प्रत्येक काम परवानाधारक कारागिराचे आहे.

मनगटाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हेच वाक्य मी माझ्या क्लबमध्ये सर्वांसमोर ऐकले आहे. "मुलींचे मनगट ढिले असते, म्हणून पिस्तूल अडकते," असे आमचे प्रशिक्षक म्हणत, आणि तीन सेकंदांच्या घाईत ते आणखी ढिले पडते, अशी पुस्ती जोडत. याच महाराष्ट्रातील राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांग येथे २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, तेव्हा त्यांचे मनगट कोणत्या मापाने मोजायचे, हा प्रश्न मी प्रशिक्षकांना विचारला होता. उत्तर मिळाले नाही. म्हणून एका रविवारी मी क्रम उलटा केला. स्वच्छ केलेल्या पिस्तुलाने आधी रॅपिडच्या मालिका मारल्या आणि नंतर प्रिसिजनच्या. रॅपिडमध्ये एकही पुंगळी अडकली नाही. प्रिसिजनच्या शेवटी, जिथे पाच गोळ्यांना पाच मिनिटे मिळतात आणि घाईचा प्रश्नच येत नाही, तिथे अडकू लागली. मग तेच पिस्तूल प्रशिक्षकांनी स्वतःच्या भरभक्कम हातात घेतले, आणि त्यांच्या हातातही ते अडकले. त्यावर त्यांनी काडतुसांच्या लॉटला, म्हणजे त्या उत्पादन-खेपेला, दोष दिला, मनगटाचे विधान मागे घेतले नाही.

कारण साधे आहे. या पिस्तुलात पुंगळीच मागे ढकलली जाऊन स्लाइडला मागे नेते, आणि स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाच्या) काडतुसात त्यासाठी लागणारा जोर मोजकाच असतो. प्रिसिजनच्या तीस आणि सरावाच्या गोळ्यांनंतर शिसे, काजळी आणि गोळीवरचे मेण चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) व पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली साचते, आणि तो मोजका जोर घर्षणातच खर्च होतो. थंडीत मेण घट्ट झाल्यास त्रास वाढतो. तुम्हीही क्रम उलटून पाहा. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून चेंबर आणि नख स्वच्छ करा, स्लाइडच्या खाचांत तेलाचा अगदी पातळ थर द्या, मग दुसऱ्या लॉटची काडतुसे वापरा. मॅगझिनवर (काडतुसे भरायच्या पेटीवर) खुणा करून ठेवा. गोळीचे टोक चेंबरच्या तोंडाशी अडत असेल आणि तेही एकाच मॅगझिनमध्ये, तर दोष त्या मॅगझिनच्या ओठांत, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांत, शोधावा. पकडीचा परिणाम मुळीच नसतो असे मी म्हणणार नाही, हलक्या पिस्तुलात तो दिसतो. पण तो सर्वांत शेवटी तपासायचा, सर्वांत आधी नव्हे.

स्पर्धेत अडकले तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करा. प्रशिक्षक मागून काहीही खुणावोत, स्वतः स्लाइड ओढली की तो बिघाड मान्य होत नाही. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते.