आयलंड पीकसाठी (नेपाळमधलं, एव्हरेस्टच्या भागातलं शिखर) 15 दिवस पुरतात का, कंपनी कशी निवडावी, आणि समिट झालं नाही तर पैसे परत मागता येतात का?

पैसे परत मिळत नाहीत. मागूही नका.

तुमच्या प्रश्नाचे पहिले दोन भाग वाचून मी पुढे सरकलो असतो, पण तिसऱ्याने थांबवलं. हाच प्रश्न माझ्या साडूने लुक्ल्याच्या (जिथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते ते गाव) लॉजमध्ये गाइडच्या तोंडावर विचारला होता. त्यावरून आमचं जे वाजलं ते आजतागायत मिटलेलं नाही. घरातल्या कुठल्याही लग्नात पंगत उठली की हा विषय निघतोच.

आधी दिवसांचं बघू. 15 दिवसांत हा कार्यक्रम कागदावर जेमतेम बसतो: लुक्ला, नामचेला (3,440 मीटर) दोन रात्री, तेंगबोचे, दिंगबोचेला (4,410) दोन रात्री, छुकुंग (4,730), 5,100च्या आसपास बेस कॅम्प, समिट, आणि मग धावतपळत परत. यात राखीव दिवस एकही नाही. लुक्ल्याची विमानं हवा बिघडली की उडत नाहीत. ऐन हंगामात ती बऱ्याचदा काठमांडूहून सुटतच नाहीत, काठमांडूपासून लांब असलेल्या मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. 18-19 दिवस धरा. 3,000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम टाकायचा, हे तुम्हाला माहीत असणारच. स्वस्त पॅकेजमध्ये कात्री लागते ती नेमकी त्याच मुक्कामाला.

आमच्याकडे ती कात्री कंपनीने नाही, साडूने चालवली. "सह्याद्रीत आपण एका दिवसात दोन-दोन किल्ले करतो, इथे दिंगबोचेला नुसतं बसून काय करायचं?" गाइड नको म्हणाला. साडूने काठमांडूच्या ऑफिसला फोन लावला, आणि तिथून गाइडलाच निरोप आला की क्लायंट म्हणतात तसं करा. हा निरोप लक्षात ठेवा, कंपनी निवडताना कामाला येईल. दम आणि उंचीची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळसूबाई 1,646 मीटर आहे, तिथे दम लागतो. 5,500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, तिथे पायात ताकद असलेला माणूस उलट लवकर गोत्यात येतो, कारण तो भराभर वर जातो.

समिटच्या रात्री दीडच्या सुमारास बेस कॅम्प सोडला. हेडलॅम्पच्या उजेडात दगडांची घळ, मग खडकाची धार, आणि उजाडायच्या वेळी ग्लेशियरच्या तोंडाशी. इथे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे काटे, बुटांवर चढवतात. पट्टा एका कडीतून काढायचा, उलटा वळवून दुसऱ्या कडीत घालायचा आणि ओढायचा, एवढंच काम. आदल्या दुपारी साडूनेच मला ते तीनदा दाखवलं होतं, जरा तोऱ्यातच. इथे मात्र तो पट्टा हातात धरून त्याच्याकडे बघत बसला. मग उजवा क्रॅम्पॉन डाव्या बुटाला लावायला लागला. गाइड काही बोलला नाही. गुडघे टेकून त्याने दोन्ही बांधून दिले आणि साडूच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पुढे भेगांवरच्या शिड्या झाल्या आणि हेडवॉल आली, म्हणजे फिक्स रोप (आधीच बांधून ठेवलेले दोर) लावलेली बर्फाची उभी भिंत. प्रत्येक अँकरपाशी, म्हणजे दोर बर्फात पक्का केलेल्या जागेपाशी, क्रम ठरलेला असतो: आधी सेफ्टीची कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) पुढच्या दोरीत, मग जुमार (दोरीवर फक्त वर सरकणारी पकड) काढून पलीकडे. दोन्हींपैकी एक कायम दोरीत हवं. दुसऱ्याच अँकरपाशी साडूने सेफ्टी काढली, ती तशीच लोंबकळत ठेवली आणि जुमारच्या खटक्यावर अंगठा ठेवला. जाड हातमोज्यामुळे खटका चटकन उघडला नाही, म्हणून बरं. गाइडने त्याचं मनगट असं धरलं की साडू ओरडला.

आम्हाला दोघांनाही त्याने खाली सपाट बर्फावर आणलं आणि साडूला टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला साडू बाजूला गेला. "सर, बस. अब नीचे." हवा स्वच्छ, वारा नाही, वरच्या धारेवर माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. एका दोरावर आम्ही तिघं, त्यामुळे समिट माझंही गेलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण ते मनगट मी पाहिलं होतं.

साडूचं म्हणणं आजही असं: क्रॅम्पॉन घालून सरळ रेषेत कोण चालतं? मुद्दा अगदीच फालतू नाही, मान्य. पण एका पायाचा क्रॅम्पॉन दुसऱ्या पायात घालणारा, सेफ्टी सोडून जुमार काढणारा माणूस सरळ रेषेत चालला असता तरी मी त्याला त्या भिंतीवर नेलं नसतं. त्याचा दुसरा मुद्दा: "छुकुंगला पोचलो तेव्हा मी ठणठणीत होतो, म्हणजे मला काही झालंच नव्हतं." अरे बाबा, खाली उतरणं हेच तर औषध आहे! मेंदूला सूज यायला लागली की तोल आणि डोकं आधी जातं, आणि ज्याचं जातं त्याला ते शेवटपर्यंत कळत नाही. तो ठणठणीत झाला तो गाइडने वेळेत उतरवला म्हणून.

तरीही लुक्ल्याला साहेब म्हणाले, "काम झालं नाही, मग टिप कसली?" आणि घरी आल्यावर कंपनीला अर्धे पैसे परत द्या म्हणून मेल. कंपनीने पैसे दिले नाहीत, ते बरोबरच केलं. पण उत्तरात लिहिलं की गाइडने जरा घाई केली, पुढच्या वेळी सूट देऊ. मला साडूपेक्षा याचा जास्त राग आला. ज्या माणसाने तुमचा क्लायंट जिवंत आणला, त्यालाच तुम्ही विकलंत.

म्हणून कंपनी कशी निवडावी याचं माझं उत्तर एवढंच आहे: गाइडच्या "नाही"मागे उभी राहणारी घ्या. पैसे भरण्याआधी मेलवर विचारा, परत फिरायची वेळ कोण ठरवतं, आणि क्लायंटला मान्य नसेल तर ऑफिस काय करतं? उत्तर गोलमोल आलं तर सोडून द्या. समिटची खात्री देणारी कंपनी तर लगेच सोडा. समिट झालं तरच गाइडला बोनस, ही पद्धतही मला घातक वाटते. तुम्ही डगमगत असताना तुम्हाला वर ओढण्याचे पैसे तुम्हीच त्याला देत असता. टिप ठरवायचीच असेल तर निघताना ठरवा आणि समिट होवो न होवो, तेवढी द्या. बाकी एका दोरावर एका गाइडमागे दोनपेक्षा जास्त क्लायंट नकोत, गाइड नेपाळ माउंटेनियरिंग असोसिएशनकडचा प्रशिक्षित क्लाइंबिंग गाइड हवा, नुसता ट्रेकिंग गाइड नको.

परताव्याचं गणितही सांगतो. परमिटचे पैसे असोसिएशनकडे गेलेले असतात, गाइड-पोर्टरची मजुरी दिवसावर असते, लॉजवाल्याने जेवण घातलेलं असतं. तुम्ही वर गेलात की नाही याने यातला एक रुपयाही बदलत नाही. परत मिळणारी रक्कम एकच, कचरा खाली आणण्यासाठी भरलेली अनामत, आणि तीही कंपनीला मिळते.

"सोपं शिखर" या जाहिरातीवर जाऊ नका. 1953 साली ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेतले लोक आयलंड पीकवर चढले ते सराव म्हणून. त्यांना सोपं असेल. आणि वरून एव्हरेस्ट दिसतं या आशेने जात असाल तर ते दिसत नाही, मध्ये ल्होत्से शिखराची भिंत आहे. दोरीचा अजिबात अनुभव नसेल तर मेरा पीक बघा, 6,476 मीटर म्हणजे आयलंडपेक्षा उंच, पण नेहमीच्या वाटेवर अशी भिंत नाही. इन्शुरन्समध्ये 6,000 मीटरच्या वरची चढाई, दोरीचा वापर आणि हेलिकॉप्टर या तिन्ही गोष्टी लेखी आहेत का ते बघून घ्या.

हे सगळं पावसाळ्यानंतरच्या हंगामातलं आहे. वसंतात बर्फ वेगळं असतं, परमिटही महाग असतं, आणि शिड्या-दोऱ्यांच्या जागा तर हंगामागणिक बदलतात. मी डॉक्टर नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी (प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा) स्वतःच्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा. आणि ती घेतली म्हणजे दिंगबोचेची दुसरी रात्र कापायला परवानगी मिळाली असं नाही, हे आमच्या साडूलाही कोणीतरी सांगा, कारण तो पुढच्या वर्षी परत निघालाय आणि या वेळी 14 दिवसांचा प्लॅन घेऊन.